आंतरराष्ट्रीय कुमार टेनिस आणि सोबत जाणारा प्रशिक्षक

टेनिसविषयी मराठीत जे लिहिले जाते ते बहुधा अंतिम सामन्याच्या निकालापासून सुरू होते आणि चषकवितरणापाशी संपते; ज्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींच्या असंख्य पराभवांवर तो सारा डोलारा उभा असतो त्यांच्याविषयी, आणि पराभवाच्या दिवशी त्यांच्या शेजारी बसून त्यांना दोन घास खायला लावणाऱ्या माणसाविषयी, फारसे कोणी लिहीत नाही. हा माणूस म्हणजे आंतरराष्ट्रीय कुमार स्पर्धेस मुलांबरोबर जाणारा प्रशिक्षक. त्याचे काम नेमके कोणते, नियम त्याला किती मुभा देतात, आणि ज्या मुलाला असा सोबती लाभत नाही त्याची काय अवस्था होते, या प्रश्नांचा एकत्र विचार करण्याचा येथे हेतू आहे. तो दीपनगराहून करावा याला कारण आहे. औष्णिक वीज केंद्राची ही वसाहत, लगतचे भुसावळचे रेल्वे जंक्शन, पलीकडची वरणगावची आयुधनिर्माणी, यांमुळे या टापूत बदलीच्या नोकरीवर आलेली आणि मुलांच्या शिक्षणाबरोबर त्यांच्या खेळाचीही हौस असलेली कुटुंबे पुष्कळ आहेत. अशा घरात मुलाच्या हाती रॅकेट येणे आता दुर्मीळ राहिलेले नाही. दुर्मीळ आहे ते त्यापुढचे सारे.

सोबत जाणारा प्रशिक्षक हा हुद्दा आपल्याकडे फार जुना नव्हे. आरंभीच्या काळात ते काम घरातलेच माणूस करी. विम्बल्डनच्या मुख्य स्पर्धेत सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री लीला राव. त्यांनी तो पराक्रम १९३४ साली केला. त्यांच्या मातोश्री पंडिता क्षमाबाई राव या एकीकडे संस्कृत कवयित्री, तुकाराम-रामदासांची चरित्रे संस्कृत पद्यात रचणाऱ्या, वेदविद्येचे पंडित शंकर पांडुरंग पंडित यांच्या कन्या, आणि दुसरीकडे स्वतः टेनिसच्या नामांकित खेळाडू होत्या. घरात विद्या आणि खेळ दोन्ही असल्यावर मुलीला बाहेरच्या शिक्षकाची वाट पाहावी लागत नाही, याचे इतके सुंदर उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. दक्षिणेत रामनाथन कृष्णन यांना त्यांच्या वडिलांनी, टी. के. रामनाथन यांनी घडविले; १९५४ साली विम्बल्डनचे कुमार अजिंक्यपद कृष्णन यांना मिळाले आणि पंचवीस वर्षांनी, १९७९ मध्ये, तेच अजिंक्यपद त्यांचे चिरंजीव रमेश यांनी घरी आणले. पुण्याकडे पाहिले तर बॅडमिंटनचे नंदू नाटेकर यांचे चिरंजीव गौरव नाटेकर यांनी १९९४ च्या हिरोशिमा आशियाई क्रीडास्पर्धेत लिअँडर पेस यांच्या जोडीने दुहेरीचे सुवर्णपदक मिळविले. त्यापूर्वी दोन वर्षे, १९९२ साली, पुण्याचेच नितीन कीर्तने महेश भूपतीच्या साथीने विम्बल्डनच्या कुमार दुहेरीत अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले होते.

ही परंपरा गौरवाची असली तरी तिच्यातला एक दोष झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ज्याच्या घरी खेळ नाही त्याला या परंपरेत जागा नव्हती. मद्रासला १९८५ च्या सुमारास ब्रिटानिया कंपनीच्या साहाय्याने अमृतराज बंधूंनी निवासी प्रशिक्षणाची योजना काढली, तेव्हा घराची ही मक्तेदारी प्रथमच थोडी सैल झाली. त्या योजनेतून गेलेला पेस १९९० मध्ये विम्बल्डनचा कुमार विजेता झाला. पेसच्या घरीही खेळ होताच, तेव्हा या उदाहरणावरून फार मोठा सिद्धान्त काढता येत नाही. परंतु मुलाला घडविण्याची, त्याच्याबरोबर फिरण्याची आणि त्याच्या खर्चाची जबाबदारी एखाद्या संस्थेने घ्यावी, ही कल्पना तेथून रूढ झाली, हे खरे.

आता ज्या स्पर्धांविषयी आपण बोलत आहोत त्यांची घडण पाहू. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने कुमारांची जागतिक मालिका १९७७ साली अवघ्या नऊ स्पर्धांनिशी सुरू केली; आज ती शंभरांहून अधिक देशांत वर्षभर अखंड चालते. तेरा वर्षे पूर्ण झाल्यावाचून तीत प्रवेश नाही आणि अठराव्या वर्षानंतर थारा नाही. स्पर्धांची प्रतवारी जे-३० पासून जे-५०० पर्यंत लावलेली असून त्यातील आकडा हा एकेरीच्या विजेत्याला मिळणाऱ्या गुणांचा असतो. ग्रँड स्लॅमच्या कुमार स्पर्धा याच्याही वर. रोख बक्षीस कोठेच नाही. क्रमवारी ठरते ती एकेरीतील सर्वोत्तम सहा निकालांवरून, त्यांत दुहेरीच्या सर्वोत्तम सहांचा चतुर्थांश मिळवून. ही तरतूद वरवर पाहता रुक्ष वाटेल, पण प्रशिक्षकाचे निम्मे शहाणपण तिच्यातच खर्ची पडते. सहाच निकाल धरले जात असल्यामुळे सातव्या, आठव्या, दहाव्या स्पर्धेस मुलाला नेणे हे शिकण्यासाठी आहे की निव्वळ हावरेपणापोटी, हे त्याला दर वेळी ठरवावे लागते. दूरच्या एखाद्या देशात प्रवेशिका कमी आल्या आहेत, तेथे दोन सोप्या फेऱ्यांत गुण पदरात पडतील, अशा बातम्या पालकांना प्रशिक्षकाच्या आधी कळतात. आणि तिकिटे काढून मोकळे झालेल्या पालकाला या वर्षी मुलाचा बॅकहँड दुरुस्त करायचा होता याची आठवण करून देणे हे काही सुखाचे काम नव्हे. वयानुसार वर्षाकाठी किती स्पर्धा खेळाव्यात यावर महासंघानेच मर्यादा घातली आहे, ती या हावेला आवरण्यासाठीच.

प्रत्यक्ष स्पर्धेच्या गावी प्रशिक्षकाचा दिवस कसा जातो, याची लोकांना कल्पना नसते. पुष्कळांना वाटते की तो कोर्टाबाहेर खुर्ची टाकून बसतो आणि खाणाखुणा करतो. वस्तुतः सामना हा त्याच्या दिवसातला सर्वांत निवांत भाग होय. पात्रता फेरीसाठी मुदतीत सही झाली की नाही, दुहेरीचा जोडीदार कोण, रॅकेटच्या तारा कोणाकडून आणि किती ताणाने बसवून घ्यायच्या, सरावाच्या कोर्टाचा अर्धा तास कोणाबरोबर वाटून घ्यायचा, हे सारे सकाळी उजाडण्यापूर्वी उरकलेले असावे लागते. भुसावळ समुद्रसपाटीपासून सुमारे दोनशे मीटर उंचीवर आणि पुणे साडेपाचशेच्या वर. एवढ्या फरकानेही चेंडू थोडा अधिक लांब जातो, आणि जो मुलगा रात्रभराचा प्रवास करून बालेवाडीच्या संकुलात उतरला आहे त्याचे पहिल्या दहा मिनिटांतले सारे फटके बेसलाइनच्या बाहेर गेले म्हणजे त्याचा आत्मविश्वास तेथेच ढळतो. त्याला कारण समजावून सांगणारा आणि तारा किंचित ताठ करून देणारा माणूस जवळ असला तर तोच मुलगा दुपारपर्यंत सावरतो.

जेवणाचा प्रश्न तर याहून बिकट. सामन्यांचे वेळापत्रक आदल्या सायंकाळी लागते, पण पहिला सामना सोडला तर बाकीच्यांच्या नावापुढे वेळ नसते. आधीचा सामना संपला की पुढचा. आधीचा सामना पन्नास मिनिटांत आटोपेल किंवा तीन तास चालेल. भरपेट जेवावे तर तासाभरात बोलावणे येते, उपाशी राहावे तर तिसऱ्या सेटला पाय उचलत नाहीत. कोर्टाची बाजू बदलताना केळे खाणारे खेळाडू दूरचित्रवाणीवर सर्वांनी पाहिलेले असतात. केळीच्या बागांत वाढलेल्या रावेर-सावद्याच्या मुलाला त्यात नवल वाटण्याचे कारण नाही, परंतु घरची केळी परगावी पुरत नाहीत आणि विश्रामगृहातला नाश्ता नऊ वाजता सुरू होतो, हे त्याला पहिल्याच स्पर्धेत कळते. या साऱ्याचा बंदोबस्त करणारे माणूस जाणते असावे लागते, आणि त्या जाणतेपणाला कोणत्याही परीक्षेचा दाखला मिळत नाही. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडासंस्थेची पदविका आहे, महासंघाचे पायऱ्यापायऱ्यांचे अभ्यासक्रम आहेत; त्यांचे मोल मी कमी लेखीत नाही. पण सर्व्हिस शिकविण्याची विद्या आणि मुलाला आठवडाभर परक्या गावी सांभाळण्याची विद्या या दोन वेगळ्या विद्या आहेत आणि दुसरीची आपल्याकडे कोणी गणतीच करीत नाही.

मुलगा पहिल्याच फेरीत हरला तर काय, यावर प्रशिक्षकाची खरी पारख होते. बहुतेक मुले पहिल्या किंवा दुसऱ्या फेरीतच हरतात. सोडतीच्या गणितात दुसरे काही संभवत नाही, कारण बत्तिसांच्या सोडतीत पहिल्याच फेरीत सोळा जणांना बाहेर जावे लागते. अशा वेळी सामान बांधून पहिली गाडी पकडणे हा आपल्या पालकांचा परिपाठ. जाणता प्रशिक्षक मात्र मुलाला ठेवून घेतो, दुहेरी खेळवितो, आणि इतर हरलेल्या मुलांच्या प्रशिक्षकांशी बोलून सरावाचे सामने ठरवितो. कझाकस्तानचा किंवा थायलंडचा एखादा मुलगा, जो एरवी आपल्याला कधी भेटलाच नसता, त्याच्याशी असे दोन दिवस सराव करणे हे गुणतक्त्यात दिसत नाही. परंतु जळगावात किंवा धुळ्यात वर्षभर त्याच त्या चार मुलांशी खेळलेल्याला, माझ्या मते, त्या आठवड्याची खरी कमाई तीच.

कोर्टावर गेल्यानंतर मुलगा एकटा असतो, आणि कुमारांच्या स्पर्धेत तो मोठ्यांपेक्षाही अधिक एकटा असतो, कारण आरंभीच्या फेऱ्यांत पुष्कळदा उंच खुर्चीवर बसलेला पंच नसतोच. प्रत्येकाने आपल्या बाजूच्या रेषांचा निर्णय आपणच द्यावयाचा, सर्व्हिस करणाराने गुणसंख्या मोठ्याने पुकारावयाची, आणि तंटा झाल्यास फिरत्या पंचाला हाक मारावयाची, अशी पद्धत आहे. संशय असेल तर चेंडू आत धरावा, गुणांविषयी मतभेद झाल्यास ज्या गुणांबद्दल दोघांचे एकमत आहे तेवढे कायम ठेवून पुढे चालावे, हे नियम थोडक्यात सांगता येतात. पण रेषेवरचा चेंडू बाहेर देणाऱ्या, गुण चुकवून सांगणाऱ्या आणि वर चढ्या आवाजात बोलणाऱ्या प्रतिस्पर्ध्यापुढे हे नियम आठवणे चौदा वर्षांच्या मुलाला सोपे जात नाही. आमच्याकडची मुले, विशेषतः मर्यादशील घरातली, येथे हटकून मागे पडतात. तक्रार करणे म्हणजे उद्धटपणा, अशी त्यांची समजूत असते. मुलाला हात वर करून, खेळ थांबवून, शांतपणे पंचाला बोलाविण्यास शिकविणे हे फोरहँड शिकविण्याइतकेच आवश्यक आहे, आणि ते घरच्या कोर्टावर, सरावाच्या सामन्यात मुद्दाम तंटे उकरून काढून शिकवावे लागते. उलट बाजूही लक्षात ठेवली पाहिजे. कुंपणाबाहेरून बाप ओरडत असला, की सरळ मुलगासुद्धा रेषेवरचा चेंडू बाहेर देऊ लागतो. अशा वेळी प्रशिक्षकाने बापाला चहा प्यायला घेऊन जावे, यापेक्षा मोठी सेवा तो करू शकत नाही.

यानंतर येतो तो बोलण्याचा प्रश्न, ज्याविषयी गेल्या काही वर्षांत जगभर बराच काथ्याकूट झाला. सामना चालू असता खेळाडूला सल्ला देणे टेनिसने पिढ्यान्‌पिढ्या निषिद्ध मानले होते. अपवाद सांघिक सामन्यांचा. डेव्हिस चषकात कर्णधार कोर्टाशेजारी बसतो आणि बाजू बदलताना आपल्या खेळाडूशी बोलतो. कुमारांतही सोळा वर्षांखालील सांघिक स्पर्धेत आणि झेक प्रजासत्ताकातील प्रोस्तेयोव्ह येथे भरणाऱ्या चौदा वर्षांखालील जागतिक सांघिक स्पर्धेत हाच प्रघात आहे. एकेरीच्या व्यक्तिगत स्पर्धेत मात्र इशारा दिसला तरी ताकीद मिळे. २०१८ च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पंच कार्लोस रामोस यांनी सेरेना विल्यम्सला याच कारणासाठी ताकीद दिली आणि त्यातून उठलेला गदारोळ सर्वांना आठवत असेल. स्त्रियांच्या व्यावसायिक स्पर्धांत तत्पूर्वीच, दहाएक वर्षे आधी, प्रशिक्षकाला कोर्टावर बोलावण्याची मर्यादित सवलत होती. पुरुषांच्या स्पर्धांत २०२२ च्या जुलैपासून प्रयोगादाखल बाहेरून सल्ला देण्याची मोकळीक मिळाली, तीही मोजकी: खेळाडू आपल्या टोकाला असेल तेव्हाच तोंडाने, एरवी खुणेने, दोन-चार शब्दांत, संभाषण नको. पुढे महासंघाने नियमच बदलला आणि १ जानेवारी २०२५ पासून, त्या त्या स्पर्धेच्या चालकांनी परवानगी दिली असेल तेथे, सामन्यादरम्यान प्रशिक्षण ग्राह्य ठरले.

या बदलाचे स्वागत करणाऱ्यांचा युक्तिवाद असा, की खुणा पूर्वीही चालतच होत्या. चोरी उघड केली तर ती चोरी राहत नाही. हे खरे आहे. विरोधकांचे म्हणणे असे, की टेनिसचा सारा कस एकट्याने अडचणीतून मार्ग काढण्यात आहे आणि तोच आता जाईल. तेही खरे आहे. पण या दोन्ही बाजूंनी मोठ्या खेळाडूंचा विचार केला, मुलांचा केला नाही असे मला वाटते. तीस वर्षांच्या व्यावसायिक खेळाडूला प्रशिक्षकाचे वाक्य ऐकून सोडून देता येते. चौदा वर्षांच्या मुलीला ते आज्ञेसारखे वाटते. बंदी होती तेव्हा वाईट प्रशिक्षकाला निदान गप्प बसावे लागे. आता त्याला बोलण्याची सनद मिळाली. आमच्या भागातला शेतकरी केळीला पाट सोडून देत नाही, ठिबकाने मुळाशी बेताचे पाणी देतो. तीच दृष्टी येथे हवी. एका सेटमध्ये एक गोष्ट, तीही मुलाने आधी ओळखलेली, तेवढी आठवून द्यावी: ‘दुसरी सर्व्हिस तिच्या बॅकहँडवर,’ एवढेच. मनगट, खांदा, पाय यांविषयी सामन्यात अक्षरही काढू नये. आणि ज्या मुलाबरोबर कोणीच आलेले नाही, त्याच्यापुढे प्रतिस्पर्ध्याला मिळणारा हा सल्ला म्हणजे उघड विषमता आहे, हेही चालकांनी ध्यानात घ्यावयास हवे होते. पूर्वीच्या बंदीने श्रीमंत-गरिबांना एका पातळीवर आणून ठेवले होते, निदान त्या तीन सेटांपुरते.

शरीराच्या प्रश्नावर खानदेशातल्या माणसाला दोन शब्द अधिकाराने बोलता येतील. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो, आणि येथे वाढलेल्या मुलाला उन्हाचे भय वाटत नाही. परंतु हीच गोष्ट त्याला फसविते. आमचे ऊन कोरडे. घाम येतो आणि उडून जातो, अंग निवते. मुंबई, कोलकाता, बँकॉक येथे पारा बराच खाली असला तरी हवा इतकी दमट असते की घाम अंगावरच राहतो आणि आतली उष्णता बाहेर पडत नाही. येथला काटक मुलगा तेथे दुसऱ्या सेटला पोटऱ्या धरून बसतो, आणि घरचे म्हणतात, पोराने हिंमत सोडली. नव्या हवेला शरीर सरावण्यास दहा-पंधरा दिवस लागतात. ते देता येत नसतील तर निदान मीठ-पाण्याचे प्रमाण, सरावाची वेळ आणि विश्रांती यांचा हिशेब प्रशिक्षकाने ठेवला पाहिजे. वाढीच्या वयातल्या दुखापती याहून गंभीर. मुलगा सहा महिन्यांत हातभर वाढला की त्याची सर्व्हिस बिघडते, कारण उडविलेला चेंडू आणि हात यांचे जुने अंतर राहत नाही. त्याच काळात कमरेच्या मणक्यांना सर्व्हिसच्या ताणाने सूक्ष्म तडे जाण्याचा धोका असतो. पाठ दुखते म्हणणाऱ्या मुलाला ‘खेळून मोकळी होईल’ असे सांगणारा प्रशिक्षक काढून टाकावा. वयाची गणना एक जानेवारीपासून होत असल्याने जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेली मुले कुमार गटांत नेहमी अधिक दिसतात. डिसेंबरात जन्मलेल्याचा पराभव हा कित्येकदा निव्वळ अकरा महिन्यांचा असतो. लहानग्यांच्या बाबतीत महासंघाने २०१२ पासून दहा वर्षांखालील स्पर्धांत नेहमीचा पिवळा चेंडू बंद करून संथ चेंडू आणि लहान कोर्टे आणली, हे फार शहाणपणाचे झाले.

पालकांचा अतिरेक हा टेनिसचा जुना रोग. अमेरिकेची जेनिफर कॅप्रियाती १९९० मध्ये चौदावे वर्ष पुरे होण्याच्या बेतात व्यावसायिक झाली, काही वर्षांतच तिची झालेली ओढाताण जगाने पाहिली, आणि स्त्रियांच्या व्यावसायिक स्पर्धांना वयाचे कडक निर्बंध घालावे लागले. तिने पुढे पुनरागमन करून ग्रँड स्लॅम जिंकल्या, ही तिची थोरवी. आमच्याकडे अतिरेकाचे रूप निराळे आहे. येथला बाप क्रूर नसतो, चिंताक्रांत असतो. रजा, कर्ज आणि बदली या तिहींत अडकलेला तो माणूस प्रत्येक पराभवाची मनातल्या मनात वसुली मांडीत असतो. प्रशिक्षकाचा हुद्दा बाप आणि मूल या दोघांच्या मधला आहे, असे मी समजतो. मुलाची बाजू बापाला आणि बापाची मुलाला समजावून देणारा, पण पगार ज्याच्याकडून घ्यावयाचा त्याच्या ताब्यात न जाणारा, असा तो असावयास हवा. आणि त्याचे वेतन एकट्या पालकाच्या खिशातून जाते तोवर हे घडणे कठीण.

मुलींबरोबर परगावी जाणाऱ्या प्रशिक्षकाविषयी स्वतंत्रपणे आणि स्पष्टपणे बोलले पाहिजे. खोली कोणाबरोबर, प्रवासात दुसरे प्रौढ माणूस कोण, मालिश किंवा उपचार कोणापुढे, तक्रार असल्यास मुलीने कोणास सांगावयाचे, याचा लेखी तपशील निघण्यापूर्वी पालकांच्या हाती असावा. ‘सर घरच्यासारखे आहेत’ ही कैफियत पुरेशी नाही. बालकांचे लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा क्रीडांगणासही लागू आहे, आणि सज्जन प्रशिक्षकाला या बंधनांचा त्रास होत नाही. उलट त्याचेच त्यात संरक्षण आहे. उत्तेजक द्रव्ये आणि सट्टेबाजी यांचे नियम कुमारांनाही मोठ्यांसारखेच बांधतात. खोकल्याचे औषध विचारल्यावाचून घेऊ नये, सामन्याविषयी अनोळखी माणसाच्या निरोपाला उत्तर देऊ नये, हे मुलाला कोणीतरी सांगितलेले असावे लागते.

महाराष्ट्रात लहान गावांतून मोठे खेळाडू आले नाहीत असे नाही. बार्शीच्या प्रार्थना ठोंबरे यांनी २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत सानिया मिर्झाबरोबर दुहेरीचे कांस्यपदक मिळविले. श्रीरामपूरच्या ऋतुजा भोसले अमेरिकेतील विद्यापीठात शिकून, खेळून परतल्या आणि २०२३ मध्ये हांगझौ येथे रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीच्या सुवर्णपदकाच्या मानकरी झाल्या. कोल्हापूर जिल्ह्यातील ऐश्वर्या जाधव २०२२ साली विम्बल्डनने नव्याने सुरू केलेल्या चौदा वर्षांखालील स्पर्धेत खेळली. पुण्याचा मानस धामणे इटलीत रिकार्डो पियाती यांच्या केंद्रात शिकला आणि २०२३ च्या जानेवारीत, पंधराव्या वर्षी, बालेवाडीच्या महाराष्ट्र खुल्या स्पर्धेत वाइल्ड कार्डाने प्रवेश मिळवून व्यावसायिकांपुढे उभा राहिला. हरला, पण उभा राहिला. या सर्वांच्या वाटा वेगवेगळ्या असल्या तरी एक गोष्ट समान दिसते: प्रत्येकाला कधी ना कधी आपले गाव सोडून पुणे, कोल्हापूर किंवा परदेश गाठावे लागले, आणि तेथे हाताशी धरणारे कोणी ना कोणी भेटले. तापीकाठच्या जिल्ह्यांना ही वाट अजून सापडलेली नाही. जळगावात जैन उद्योगसमूहाने बुद्धिबळ आणि कॅरम यांना जो आश्रय दिला त्यावरून खेळाला धनिकांचा आणि संघटकांचा येथे तोटा नाही हे उघड आहे. परंतु बुद्धिबळाचा पट कोठेही मांडता येतो, टेनिसला कोर्ट लागते, चेंडू लागतात आणि प्रवास तर सततचा.

म्हणून माझी सूचना मर्यादित आहे. प्रत्येक मुलामागे एक प्रशिक्षक नेणे खानदेशातल्या कोणत्याही मध्यमवर्गीय घरास परवडणारे नाही, आणि त्याची गरजही नाही. १९०६ साली पूर्व आणि पश्चिम अशी वाटणी झालेल्या खानदेशाचे आज जळगाव, धुळे व नंदुरबार असे तीन जिल्हे आहेत. या तिन्ही जिल्ह्यांतील टेनिस चालविणाऱ्यांनी मिळून वर्षाला चार-पाच स्पर्धांपुरता एक फिरता प्रशिक्षक नेमावा, त्याच्याबरोबर चारांहून अधिक मुले देऊ नयेत, मुली असतील तेव्हा एक जाणती स्त्री सोबत द्यावी, आणि त्याचे वेतन पालकांच्या वर्गणीतून थेट न देता एका सामाईक खात्यातून, निकालाशी संबंध न ठेवता द्यावे. वीज केंद्र, रेल्वे आणि आयुधनिर्माणी यांच्या कल्याणनिधींतून अशा खात्यात थोडी भर घालता येण्याजोगी आहे. अर्ज करावा लागेल, मंजुरीस वेळ लागेल, पण तो मार्ग बंद नाही. हिवाळ्यातल्या भारतीय स्पर्धा आणि फेब्रुवारी-मार्चमधली शालान्त परीक्षा यांची टक्कर दर वर्षी होते, म्हणून दहावीच्या मुलांना त्या वर्षापुरते डिसेंबरनंतर नेऊ नये. आणि इतरांच्या गैरहजेरीबद्दल मुख्याध्यापकांना आधीच पत्र द्यावे, परतल्यावर नव्हे.

फिरत्या प्रशिक्षकाने प्रत्येक मुलासाठी एक वही ठेवावी. मूल किती वाजता झोपले, सामन्यापूर्वी काय व किती वेळ आधी खाल्ले, पंचाला बोलाविण्याचा प्रसंग आला का आणि आला तर त्याने बोलाविले का, दुसऱ्या सेटनंतर पाय कसे होते, हरलेल्या दिवशी संध्याकाळी त्याने काय केले, हे तीत लिहावे. गुणसंख्या महासंघाच्या तक्त्यात सापडतेच, ती उतरविण्यात शाई खर्चू नये. गाडी भुसावळ स्थानकात आल्यानंतर ही वही पालकाच्या हाती न पडता प्रथम घरच्या प्रशिक्षकाकडे जावी, म्हणजे सोमवारी सकाळच्या सरावात कोठून आरंभ करावयाचा हे त्याला ठाऊक असेल.